थोड्या साधनांत लघुपट : शेगावच्या तरुणांना दिलेले उत्तर

मध्यंतरी काही कामानिमित्त शेगाव येथे जाणे झाले असता चार तरुण-तरुणी आम्हाला भेटावयास आले. त्यांचा प्रश्न सरळ होता. "फादर, आम्हाला एक लघुपट काढायचा आहे. आम्ही चौघेच आहोत, कॅमेरा म्हणजे आमचा मोबाईल, आणि पैसे म्हणाल तर जेमतेम दहा हजार. होईल का?"

होईल, असे आम्ही सांगितले. परंतु त्याआधी आमचीच एक चूक त्यांच्यापुढे ठेवली. पुष्कळ वर्षांपूर्वी विदर्भातील एका गावी युवकांच्या साहाय्याने आम्ही असाच एक लघुपट करावयास घेतला होता. मे महिना होता. आजोबांची भूमिका एका निवृत्त शिक्षकांनी केली. तीन दिवस ते वेळेवर आले, संवाद पाठ करून आले. उकाडा असह्य म्हणून खोलीतील कूलर आम्ही चालूच ठेवला. मागाहून चित्रण पाहिले तेव्हा त्यांच्या प्रत्येक वाक्यावर कूलरची घरघर होती. शब्द कळेना. पुन्हा चित्रीकरण करू म्हणता म्हणता मंडळी शिक्षणासाठी व नोकरीसाठी पांगली. मास्तर भेटले की विचारीत, "फादर, आमचा सिनेमा कधी दाखवता?" दोन वर्षांनी ते देवाघरी गेले. त्यांनी दिलेल्या तीन दिवसांचे ऋण आमच्याकडून फिटले नाही.

तेव्हापासून आमचे असे मत बनले आहे की, छोट्या लघुपटाचे पहिले यश तो पूर्ण होण्यात आहे, आणि तो पूर्ण होईल की नाही हे बहुधा कॅमेरा हाती घेण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. त्या चौघांना जे सांगितले ते आमच्या इतर वाचक बंधुभगिनींच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने देत आहोत.

आपल्या आधी ज्यांनी केले

कमी साधनांत चित्रपट करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. किंबहुना भारतीय चित्रपटाचा आरंभच तेथून झाला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९११ साली ईस्टरच्या सुमारास मुंबईतील गिरगावात प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला, आणि असेच आपल्या देवदेवतांचे दर्शन पडद्यावर घडवावे, हा ध्यास त्यांनी घेतला. १९१२ साली ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले व तेथे कॅमेऱ्याची मागणी नोंदविली. मोठ्या चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि भांडवलदारांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा फाळक्यांनी काय केले? कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ मिनिटभराच्या चित्रात दाखविली. 'अंकुराची वाढ' या नावाने ते चित्र प्रसिद्ध आहे. नट नाही, नेपथ्य नाही. एक कुंडी आणि चिकाटी. ते पाहून कर्ज देणारे पुढे आले.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट फार मोठे होते. त्यांनी आपले दागिने दिले, सर्व मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडली, रसायने कालविली आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश नटांकडे वळविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहिल्या. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'ची हकीकतही बोधप्रद आहे. १९५२ साली नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी त्यांनी काशफुलांच्या शेतातील दृश्याचे चित्रीकरण सुरू केले. पुढल्या खेपेस जाऊन पाहतात तो गुरांनी फुले खाऊन टाकलेली! ते दृश्य पुरे करण्यासाठी पुढील मोसमाची वाट पाहावी लागली. चित्रपट १९५५ साली प्रदर्शित झाला आणि जगभर वाखाणला गेला. तरीही त्या गुरांची गोष्ट प्रत्येक नव्या दिग्दर्शकाने ध्यानी ठेवावी. निसर्गाचे एखादे ठिकाण निवडले की तेथील काम एकाच फेरीत संपवावे.

नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे उदाहरण तर आपल्या अधिकच जवळचे आहे. व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन २००० साली 'मालेगाव के शोले' हे विडंबन तयार केले. विवाहसोहळ्याचा साधा व्हिडिओ कॅमेरा, फिरत्या दृश्यासाठी सायकल, उंचावरून घ्यावयाच्या दृश्यासाठी बैलगाडी, अशी त्यांची सामग्री. या मंडळींवर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये त्यांच्या कथेवर एक मोठा हिंदी चित्रपटही चित्रपटगृहांत झळकला. नागराज मंजुळे यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या सुमारे पंधरा मिनिटांच्या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. शाळेत जाऊ इच्छिणारे एक गरीब मूल, एवढाच त्याचा विषय.

या सर्वांत एक गोष्ट समान दिसते. प्रत्येकाने आपल्या हाताशी असलेल्या वस्तू व माणसे आधी पाहिली, आणि मग त्यांना शोभेल असे काम उभे केले.

आहे त्यातून कथा

म्हणून पहिली पायरी म्हणजे यादी. आपल्याकडे कोणती घरे, अंगणे, दुकाने, वाहने, माणसे विनामूल्य उपलब्ध आहेत, हे कागदावर मांडावे. रॉबर्ट रॉड्रिग्ज या अमेरिकन दिग्दर्शकाने 'एल मारियाची' (१९९२) हा पूर्ण लांबीचा चित्रपट सुमारे सात हजार डॉलरमध्ये चित्रित केला, तो याच रीतीने. आपल्या आवाक्यात असलेली बस, एक कुत्रा, कासव, मित्राची जागा यांच्या भोवती त्याने कथा गुंफली.

शेगावच्या चौघांनी यादी केली तेव्हा त्यांच्यातील एकाच्या काकांची कचोरीची गाडी निघाली. तेथून कथा सुचली ती अशी : स्थानकाबाहेर कचोरी विकणारा एक बाप. मुलीला पुण्यात नोकरी लागली आहे. तिची गाडी येण्याची वेळ आणि बापाच्या विक्रीची वेळ एकच. गाडीवरून उतरणाऱ्या गिऱ्हाइकांना सोडून तो तिला निरोप द्यावयास जाऊ शकत नाही. तो धाकट्या मुलाच्या हाती गरम कचोऱ्यांचा पुडा पाठवितो. गाडी सुटल्याची शिट्टी ऐकू येते. मुलगा परत येतो. बाप काही विचारीत नाही, कढईत पुढचा घाणा सोडतो.

तीन पात्रे, तीन ठिकाणे, सहा मिनिटे. कचोरीसाठी वेगळे नेपथ्य नको, कढई-झाऱ्यासाठी भाडे नको, आणि बापाची भूमिका करणाऱ्याला तळण्याचा अभिनय शिकवावयास नको, कारण ती भूमिका काकाच करणार आहेत. नवख्या नटाच्या हाताला त्याचे रोजचे काम दिले की त्याचा संकोच आपोआप निघून जातो, हा आमचा अनुभव आहे.

कागदावरचे काम

कथा ठरली की पटकथा लिहावी. प्रत्येक दृश्याच्या आरंभी ठिकाण आणि वेळ नोंदवावी, पुढे काय दिसते व काय ऐकू येते तेवढेच लिहावे. "बापाला फार वाईट वाटले" हे कॅमेऱ्याला दिसत नाही. "बापाच्या हातातील झारा थांबला" हे दिसते. लिहून झाल्यावर घड्याळ लावून सावकाश वाचावे, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. सहा मिनिटांची कथा वाचताना दहा मिनिटे झाली तर कात्री आताच लावावी. कागदावर खोडण्यास काही खर्च येत नाही.

त्यानंतर शॉटची यादी. प्रत्येक दृश्यात कॅमेरा कोठे राहील, चौकटीत काय असेल, हे क्रमांक देऊन लिहावे. चित्र काढता येत नसले तरी रेघोट्यांची माणसे पुरेत. नवख्या चौघांकडून दिवसभरात पंधरा ते वीस शॉट नीट होतात असा हिशेब धरावा. यादीत साठ शॉट असतील आणि दिवस दोनच असतील, तर कथा अर्धवट राहणार हे तेथेच समजून घ्यावे.

तिसरे काम जागेच्या पाहणीचे. ज्या वेळी चित्रीकरण करावयाचे त्याच वेळी जागेवर जाऊन अर्धा तास स्वस्थ उभे राहावे. ऊन कोणत्या बाजूने येते, ध्वनिक्षेपक केव्हा लागतो, शाळा केव्हा सुटते हे टिपून घ्यावे. शेगाव मुंबई-हावडा या वर्दळीच्या लोहमार्गावर आहे. गाड्यांचा आवाज दिवसभर असतो. आपल्या कथेला तो हवाच आहे, परंतु घरातील संवादाच्या वेळी नको. गुरुवारी, तसेच प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमीच्या उत्सवांत श्री गजानन महाराजांच्या दर्शनासाठी भाविकांची मोठी गर्दी लोटते. ते दिवस टाळूनच तारखा धराव्यात.

शॉटचा क्रम कथेप्रमाणे ठेवण्याचे कारण नाही. एका ठिकाणचे सर्व शॉट एकदम घ्यावेत, मग ते कथेच्या आरंभीचे असोत वा शेवटचे. मात्र पात्राचे कपडे, हातातील पुडा, कढईतील तेलाची पातळी सारखी राहिली पाहिजे. प्रत्येक शॉटनंतर एक छायाचित्र काढून ठेवले की ही जुळणी चुकत नाही.

खर्चाचा कागदही आताच करावा. त्या चौघांसाठी आम्ही धरलेला अंदाज असा : कपड्याला लावावयाचा माईक १,००० रुपये, ट्रायपॉड १,५००, सात माणसांचे दोन दिवसांचे जेवण व चहा २,८००, येण्याजाण्याचा खर्च १,०००, कचोरीचे साहित्य १,०००, चित्रण साठविण्याचे साधन १,०००. एकूण ८,३००, त्यावर अडीअडचणीसाठी दहावा हिस्सा, म्हणजे ८३० रुपये. बेरीज ९,१३०. यात जेवणाची रक्कम सर्वांत मोठी आहे आणि ती कमी करू नये. लोक फुकट काम करीत असतील तर त्यांना वेळेवर व पोटभर जेवू घालणे हे आपले कर्तव्यच होय. सरस्वतीबाईंना हे पहिल्या चित्रपटापासूनच ठाऊक होते.

परवानगी

रेल्वे स्थानकाच्या आवारात चित्रपटाचे चित्रीकरण करावयाचे तर रेल्वे प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळण्यास वेळ व पैसा दोन्ही लागतात. म्हणून आम्ही सुचविले की फलाट दाखवूच नये. बाप गाडीपाशी उभा आहे, दुरून शिट्टी आणि चाकांचा आवाज येतो, एवढ्यावर प्रेक्षकाला सर्व समजते. आमच्या मते दृश्य त्यामुळे अधिक चांगले झाले, कारण बापाला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसत नाही.

कथेतील धाकटा भाऊ आधी दहा वर्षांचा होता. चौदा वर्षांखालील मुलास दृक्श्राव्य निर्मितीत घ्यावयाचे तर २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावयाची असते. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. हे समजल्यावर त्यांनी भाऊ सोळा वर्षांचा केला. तरीही पालकांची लेखी संमती घ्यावीच. घरमालक, दुकानदार आणि अभिनय करणारे या सर्वांकडून साध्या कागदावर दोन ओळींची संमती सही करून घ्यावी. मंदिराच्या परिसरात चित्रण करावयाचे झाल्यास संस्थानाचे नियम पाळावेत, आणि दर्शनास आलेल्या भाविकांचे चेहरे त्यांना विचारल्यावाचून टिपू नयेत. आपल्या श्रद्धास्थानी जो आदर आपण अपेक्षितो तोच इतरांच्या श्रद्धास्थानी आपण दाखवावा.

संगीताविषयी एक सूचना. चित्रपटातील लोकप्रिय गीत आपल्या लघुपटाला परवानगीवाचून लावता येत नाही. संतांचे अभंग सर्वांचे आहेत, परंतु एखाद्या गायकाने गायिलेल्या ध्वनिमुद्रणावर स्वतंत्र हक्क असू शकतो. गावातील कोणाकडून पेटीवर चार सूर वाजवून घ्यावेत आणि त्याची संमती घ्यावी. तेही नको असेल तर तेलाचा चुरचुराट आणि दूरची शिट्टी यांहून चांगले संगीत या कथेला मिळणार नाही.

चौघांची चार कामे

माणसे थोडी असली की सगळेच सगळे करू पाहतात, आणि मग कोणीच काही केलेले नसते. एकाने दिग्दर्शन करावे आणि नटांशी फक्त त्यानेच बोलावे. दुसऱ्याने कॅमेरा सांभाळावा. तिसऱ्याने कानाला हेडफोन लावून केवळ आवाज ऐकावा. आवाज बिघडला तर "थांबा" म्हणण्याचा अधिकार त्याला असावा. चौथ्याने वेळापत्रक, जेवण, शॉटची नोंद आणि कपड्यांची जुळणी पाहावी. आमच्या त्या जुन्या लघुपटात सहा माणसे होती, परंतु आवाज ऐकणारा एकही नव्हता.

तालमी आधीच उरकाव्यात. ख्रिस्तोफर नोलन यांनी 'फॉलोइंग' (१९९८) हा आपला पहिला चित्रपट नोकरी करणाऱ्या मित्रांना घेऊन सुमारे वर्षभर शनिवारी शनिवारी चित्रित केला. फिल्म महाग, म्हणून एक-दोन टेकमध्ये दृश्य जमावे इतक्या तालमी त्यांनी करून घेतल्या. मोबाईलवर टेक फुकट असतात हे खरे. परंतु ऊन, माणसांचा उत्साह आणि काकांचे गिऱ्हाईक फुकट नसते.

प्रकाश आणि आवाज

विदर्भातील उन्हाळ्यात दुपारचे ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते आणि माणसांना थकविते. सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी साडेचारनंतर बाहेरचे काम करावे; दुपारी घरातील. खोलीत पात्राला खिडकीच्या बाजूला बसवावे आणि दुसऱ्या बाजूने पांढरी चादर किंवा थर्मोकोलचा पत्रा धरावा. त्यावरून परतणारा प्रकाश सावल्या सौम्य करतो.

मोबाईलची मांडणी थोडक्यात सांगतो. चित्रण सेकंदाला २५ चौकटींनी करावे आणि शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवावे. आपल्याकडील विजेची वारंवारिता ५० असल्याने ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकत नाही. फोकस व उजेडाची पातळी प्रत्येक शॉटपूर्वी पक्की करावी, नाहीतर पात्र हलले की चित्र उजळते व मंदावते. बोटांनी झूम करू नये. दोन पावले पुढे जावे. फोन विमान-स्थितीत ठेवावा. नेमक्या अश्रूच्या क्षणी कोणाचा तरी दूरध्वनी येतोच.

आवाजासाठी माईक बोलणाऱ्याच्या जितका जवळ तितका बरा. दुसऱ्या मोबाईलवर आवाज मुद्रित करीत असल्यास प्रत्येक टेकच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे मागाहून चित्र व आवाज जुळविता येतात. पंखा, कूलर, शीतकपाट बंद करावे, आणि शीतकपाट पुन्हा सुरू करण्याची आठवण म्हणून आपली किल्ली त्यात ठेवावी. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट सर्वांनी गप्प राहून त्या जागेची शांतताही मुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधील पोकळी तिने भरून निघते. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत केलेला 'गिरणी' (२००४) हा लघुपट आमच्या तरुणांनी अवश्य पाहावा. घरात आलेल्या पिठाच्या गिरणीचा आवाज एका मुलाच्या मनावर कसा स्वार होतो, हे त्यात कानांनी कळते.

चित्रीकरणानंतर

दिवस संपला की झोपण्यापूर्वी सर्व चित्रण दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावे, आणि उघडून पाहिल्यावाचून मोबाईलमधून काही पुसू नये. चूक त्याच रात्री कळली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते. महिन्याने कळली तर होत नाही.

संकलनासाठी विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहेत. प्रथम सर्व दृश्ये क्रमाने जोडावीत, मग आवाज बंद करून पाहावीत. कथा चित्रांतून कळते का, हे तेव्हा समजते. त्यानंतर ज्याला कथा ठाऊक नाही अशा एखाद्यास दाखवावे आणि आपण काही न बोलता त्याच्याकडे पाहावे. तो जेथे चुळबुळ करील तेथे कापावे. आणि पूर्ण होण्याची एक तारीख आधीच ठरवून सर्वांना सांगावी. तारीख जाहीर झाली की काम रेंगाळत नाही.

चौघांचा निरोप घेताना आम्ही त्यांच्याकडून एकच वचन घेतले : लघुपट जसा होईल तसा, परंतु पुरा करायचा, आणि सर्वांत आधी काकांना त्यांच्या गाडीपाशी नेऊन दाखवायचा. ज्याने आपला वेळ व चेहरा आपल्या हवाली केला, त्याला पुरे झालेले काम दाखविणे हे त्याचे देणे आहे. आमच्या मास्तरांना आम्ही ते देऊ शकलो नाही. आमच्या तरुण वाचकांकडून तरी ते राहून जाऊ नये, एवढीच इच्छा.